दहावा बोळा

तार्तूत नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात.
टेबलावर मुरी, नऊ वर्षांची, प्लीहेवर गाठ,
पोटावरचे केस काढल्यावर एवढीशी दिसणारी.
माझ्या हातात कागद,
प्लास्टिकच्या पाकिटातला, कोपरा आयोडीनने पिवळा.

माणसांच्या इस्पितळात म्हणे
आधी रोग्यालाच विचारतात : तुमचं नाव काय, कशासाठी आलात?
आमचा रोगी शेपूट हलवतो.
कोणत्याही नावाला हलवतो.
म्हणून नाव मीच वाचते, मोठ्याने.
मालकीण हेल्मी, वाल्गाजवळची,
बाहेर बाकावर, पट्टा मुठीला गुंडाळून बसलेली.
वजन एकवीस किलो चारशे. कालचं नाही, आज सकाळचं.
काइदी म्हणते, बरोबर.
उर्मास काहीच म्हणत नाही.

उर्मासने सव्वीस वर्षं गाईंची पोटं उघडली आहेत
गोठ्यात, ट्रॅक्टरच्या दिव्यात,
गारठून आखडलेल्या बोटांनी टाके घातलेत,
आणि त्या गाई पुढे व्याल्याही.
कागद आला तेव्हा तो म्हणाला,
मी काय विमान उडवतोय?
मी गप्प बसले.
मला एक मांजरी आठवत होती.

तिच्याबद्दल थोडंच सांगते.
तिरंगी. नसबंदीचं साधं ऑपरेशन, वीस मिनिटांचं.
तीन आठवड्यांनी ताप, मग पोट फुगलं,
दुसऱ्या गावच्या डॉक्टरने उघडलं
तर आतून निघाला आमचाच बोळा.
मोजणारी मी होते.
मोजले होते का?
मोजले असतील.
त्या ‘असतील’ला उशाशी घेऊन
मी किती रात्री काढल्या, ते कुठल्या रकान्यात लिहू?

कागद वाचायला लागले तेव्हा
आवाज चोरून वाचायचे,
उसने पैसे मागितल्यासारखा.

आज, पोट शिवण्याआधी : बोळे?
काइदी ट्रेमध्ये एकेक मांडते. नऊ.
फळ्यावर दहा. अक्षर माझंच.
पुन्हा मोजते. नऊ.
उर्मासच्या चिमट्यात सुई, दोरा ओवलेला.
यंत्रावर मुरीचं हृदय टिंग टिंग वाजतंय,
कुणाचीच बाजू न घेता.

‘फळ्यावर चुकलं असेल,’ तो म्हणतो.

असेल.

मी म्हणते, थांबा.
सहा वर्षांत मी त्याला काय काय म्हटलं होतं :
हो. दिवा सरकवते. अजून एक पाकीट उघडू?
‘थांबा’ नव्हतं म्हटलं.
माझ्या मास्कच्या आत माझाच श्वास गरम झाला.

त्याने सुई ठेवली.
ओला हात पुन्हा आत, यकृताखाली,
आतड्यांच्या वळणांतून, मूत्रपिंडाच्या कोपऱ्यात,
अंधारात खिसे चाचपावेत तसा.
काही नाही.
बादली पालथी केली. काही नाही.
काइदीने भूल देणं दुसरीकडे सोपवलं नाही,
एक डोळा यंत्रावर ठेवून ती वाकली,
टेबलाखाली पाहिलं,
आणि म्हणाली, डॉक्टर, पाय उचला.
त्याने उजवा उचलला.
मग डावा.

टाचेला चिकटलेला, चपटा, लाल,
दहावा.

कुणी हसलं नाही.
अकरा मिनिटं गेली होती, घड्याळ पाहिलं तर.
मुरीचं पोट बंद होताना
मी त्याच्या हातांकडे पाहत होते,
ते नेहमीसारखेच सुरेख चालत होते.
शेवटचा टाका कापून त्याने वर न बघता विचारलं,
‘पुढे काय आहे?’

मी वाचलं : तपासणीच्या बाटलीवर नाव.
तिघांनी बाटलीकडे पाहिलं.
आत गाठीचा तुकडा, बाहेर कोरी चिठ्ठी.
उर्मासनेच पेन मागितलं.
डॉक्टरी अक्षर सोडून, शाळेतल्यासारखं
एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं : मुरी.

बाहेर हेल्मी उभी राहिली, पट्टा अजून मुठीत.
गाठ केवढी होती, ते तिने विचारलं नाही.
विचारलं, ‘झोपेत भुंकली का हो?
घरी भुंकते.’

मी सवयीने कागद वर धरला.
ते त्यावर नव्हतं.